फ्रेंचमध्ये आभार आणि रोजचा सभ्यपणा: 'मेर्सी'च्या आधी काय म्हणायचं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नवऱ्याची बदली नैर्ऋत्य फ्रान्समधल्या तुलूजला झाली आहे, दोन महिन्यांत तुम्ही आणि मुलगाही निघणार आणि ए२ (युरोपीय भाषा-पातळ्यांमधली दुसरी पायरी) पर्यंतचं तुमचं फ्रेंच पुण्यात झालंय. तिथे राहून आलेली मैत्रीण सांगते, की दर वाक्याला 'मेर्सी', म्हणजे 'धन्यवाद', म्हणूनही दुकानदार तिच्याशी तुटकच वागायचे. म्हणून आभाराचे सगळे प्रकार आणि कुठे कोणता वापरायचा, याची यादी तुम्हाला हवी आहे.

यादी देते, पण आधी मैत्रिणीच्या अनुभवाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. 'मेर्सी' राहिलं म्हणून फ्रान्समध्ये कुणी फारसं दुखावत नाही. 'बोंझूर', म्हणजे 'नमस्कार', राहिलं की मात्र हमखास दुखावतात. आपण दुकानात शिरतो, काउंटरपाशी जातो आणि हसून थेट विचारतो, "साखर आहे का हो?" आपल्याकडे यात काहीच वावगं नाही, दुकानदार त्यासाठीच बसलेला असतो. फ्रेंच दुकानदाराच्या लेखी मात्र तुम्ही त्याच्या जागेत आलात आणि त्याची दखलही न घेता त्याला कामाला लावलंत. मग पुढे तीनदा मेर्सी म्हटलं तरी सुरुवात फसलेलीच असते. 'फ्रेंच लोक उद्धट' ही पर्यटकांची तक्रार बरीचशी इथून सुरू होते. गंमत म्हणजे दुकानदाराचीही पर्यटकांबद्दल नेमकी हीच तक्रार असते.

नीस शहरातल्या 'ला पतीत सिरा' या कॅफेने २०१३ मध्ये दाराशी एक दरपत्रक लावलं होतं, त्याचा फोटो जगभर फिरला. नुसतं "एक कॉफी" म्हटलं तर ७ युरो, "एक कॉफी, प्लीज" म्हटलं तर ४.२५ युरो आणि "बोंझूर, एक कॉफी, प्लीज" म्हटलं तर १.४० युरो. गंमत म्हणून लावलेला फलक होता, पण किमतींची उतरंड बघा. 'प्लीज'ने पावणेतीन युरो वाचतात, 'बोंझूर'ने जवळजवळ आणखी तेवढेच. आणि मेर्सीचा तर पत्ताच नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकते. पॅरिसमध्ये गर्दीच्या वेळी सगळंच आखूड होतं, छोट्या गावात रस्त्यात समोरून येणारा अनोळखी माणूसही बोंझूर म्हणतो, तुलूज या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. पंचविशीतले लोक आणि सत्तरीतले लोक यांचे शब्द वेगळे. ऑफिसाऑफिसात फरक. त्यामुळे मी खाली देते ते कुठेही अंगाशी येणार नाही असं, मध्यम औपचारिक माप आहे. तिथे गेल्यावर कान उघडे ठेवून ते सैल करत जा. आधीच सैल सुरुवात करून नंतर आवळणं अवघड जातं.

फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिते आहे, म्हणून उच्चाराच्या चार खुणा. 'झ' लिहिलंय तिथे जीभ 'श'च्या जागी ठेवा आणि घशातून आवाज काढा. 'माझा'तला झ नाही. 'ज' लिहिलंय तिथे 'जरा'मधला ज. अनुस्वार आला की स्वर नाकात सोडायचा, शेवटी न किंवा म ऐकू येता कामा नये. 'बोन्झूर' नाही, 'बोंझूर'. र घशातून, उर्दूतल्या 'ख़त'च्या ख़ जवळ. तो जमला नाही तर आपला मराठी र चालतो, कळण्यात अडचण येत नाही. 'यू' मात्र जमवाच. तोंडातल्या तोंडात 'ई' म्हणत राहायचं आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे. आपल्या सवयीने सरळ 'तू' म्हटलंत तर फ्रेंच कानाला 'सगळं' असं ऐकू येतं. 'तू'साठी जो शब्द आहे तो 'त्यू'च्या आसपासचा.

आता बेकरी. वर्गात मी पहिल्या आठवड्यात हाच संवाद घोटून घेते, कारण कॅफे, औषधाचं दुकान, पोस्ट, सगळीकडे सांगाडा हाच असतो.

दार उघडताच तुम्ही: बोंझूर मादाम.
ती: बोंझूर.
तुम्ही: झ व्हूद्रे युन त्रादिस्यों, सिल व्हू प्ले.
ती: ए आव्हेक सेसी?
तुम्ही: दो शोकोलातीन.
ती: स सरा तू?
तुम्ही: उई, स सरा तू, मेर्सी.
(पैसे देऊन झाल्यावर) तुम्ही: मेर्सी, बॉन झुर्ने.
ती: मेर्सी, व्हू जोसी.
तुम्ही: ओर्व्वार.

एकेक ओळ बघू. बोंझूर दारातच, काउंटरपर्यंत पोचायच्या आधी. पुढे चारजण रांगेत असले तरी आत शिरताना एकदा हलक्या आवाजात सगळ्यांना, आणि नंबर आला की तिला पुन्हा, नजरेला नजर देऊन. ती उलट 'बोंझूर' म्हणेपर्यंत थांबा. हा अर्धा सेकंदच आपल्याकडून गिळला जातो. 'बोंझूरयुनत्रादिस्यों' असं एका दमात म्हटलं तर बोंझूर म्हटल्याचं पुण्य लागत नाही.

'झ व्हूद्रे' म्हणजे 'मला हवं होतं' या धाटणीचं. पाठ्यपुस्तकातलं 'झ व्हो', म्हणजे 'मला पाहिजे', काउंटरवर वापरू नका, ते हट्टी मुलासारखं ऐकू येतं. 'युन त्रादिस्यों' म्हणजे पारंपरिक पद्धतीची एक 'बागेत', म्हणजे लांबुडका फ्रेंच पाव, आणि 'सिल व्हू प्ले' म्हणजे प्लीज. 'ए आव्हेक सेसी' हे नव्या माणसाला कधीच कळत नाही, कारण ते भर्रकन येतं. अर्थ एवढाच, की आणखी काही? संपलं असेल तर 'स सरा तू', एवढंच. या 'तू'चा उच्चार मात्र आपल्या मराठी 'तू'सारखाच, कारण हा तो 'सगळं'वाला शब्द. आणि शोकोलातीन: उरलेल्या बहुतेक फ्रान्समध्ये जे पॅं ओ शोकोला (आत चॉकलेट घातलेला खुसखुशीत पाव) असतं ते तुलूजमध्ये शोकोलातीन असतं. यावर तिथले लोक लटक्या रागाने तासभर वाद घालू शकतात. तुम्ही शोकोलातीनच म्हणा, बाई खूश होते.

पैसे बऱ्याचदा काउंटरवरच्या छोट्या ताटलीत ठेवायचे असतात आणि सुटेही तिथेच परत येतात. हातात दिले नाहीत म्हणून अपमान झाला असं समजू नका. शेवटी 'बॉन झुर्ने' (दिवस छान जावो) टाळू नका. तुम्ही म्हणायच्या आधी तीच म्हणाली तर 'मेर्सी, व्हू जोसी' (तुमचाही) तुमच्याकडून. 'ओर्व्वार' म्हणजे पुन्हा भेटू. या अख्ख्या संवादात तुमच्या वाट्याला मेर्सी दोनदाच आलं. वीसदा म्हणायची गरज नाही, उलट प्रत्येक वाक्याला लावलं तर ते घाबरल्यासारखं वाटतं.

बोंझूर कुठे लागतं आणि कुठे नाही, हे एकदा स्पष्ट करून घ्या. छोट्या दुकानात, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये (तिथे आधीच बसलेल्यांनाही, 'मेस्यो-दाम', म्हणजे 'साहेब-बाई', जोडून), इमारतीच्या जिन्यात किंवा लिफ्टमध्ये, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, सुपरमार्केटमध्ये आपली पाळी आली की कॅशियरला, ऑफिसात सकाळी प्रत्येकाला, सफाई करणाऱ्या माणसालाही: लागतंच. मोठ्या शहरात रस्त्यावर, मेट्रोच्या डब्यात, सुपरमार्केटच्या रांगांमधून फिरताना भेटणाऱ्यांना: नाही, म्हटलंत तर लोक चमकून बघतील. त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा पुन्हा बोंझूर म्हटलं तर 'सकाळचं विसरलात वाटतं' असा अर्थ निघतो. तेव्हा 'रबोंझूर' म्हणतात, किंवा नुसतं हसून मान हलवतात. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला 'बोंस्वार' (शुभ संध्याकाळ) सुरू होतं, घड्याळाचा नियम नाही. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो तसं तेही लवकर येतं. समोरचा जे म्हणेल ते उचला. निरोपाला संध्याकाळी 'बॉन स्वारे'. 'बॉन न्वी' (शुभ रात्री) मात्र झोपायला जाणाऱ्यालाच. रात्री नऊ वाजता रेस्टॉरंटमधून निघताना वेटरला ते म्हणू नका.

आता काही विचारायचं, मागायचं असेल तर. रस्त्यात कुणाला थांबवायचं असेल तर 'बोंझूर, एक्सक्यूजे-म्वा द व्हू देरांझे' म्हणजे 'त्रास देतेय, माफ करा' आणि मग प्रश्न. सरकारी कचेरीत, बँकेत, घरमालकाशी क्रियापद नेहमी एक पायरी खाली उतरवायचं: 'तुम्ही कराल का'ऐवजी 'करू शकाल का', म्हणजे 'पूरिये-व्हू', 'आहे का'ऐवजी 'ओरिये-व्हू', 'मी करू का'ऐवजी 'एस्क झ पूरे'. ए२ला शिकवलेला कोंदिस्योनेल हा काळ रोज लागतो तो यासाठी. परीक्षेत त्याला चार मार्क असतात, त्यामुळे मुलं तो सोडून देतात. तुम्ही तो याच तीन-चार रूपांत पाठ करा, सगळी रूपं नाही आली तरी चालेल. राहण्याच्या परमिटच्या कामासाठी प्रेफेक्त्यूरच्या (जिल्ह्याच्या सरकारी कचेरीच्या) खिडकीपाशी जाल तेव्हा पहिलं वाक्य तयारच ठेवा: 'बोंझूर मादाम, झोरे बजुआं दॅं राँसेन्यमां', म्हणजे मला थोडी माहिती हवी होती. तुमचं पहिलं वाक्य नीट गेलं की पुढचं मोडकं फ्रेंच समोरचा माणूस पुष्कळ सांभाळून घेतो.

मादाम (बाई) आणि मस्यो (साहेब) हे नुसतेच लावायचे, आडनावाशिवाय. अविवाहित मुलीसाठीचं 'मादम्वाझेल' (शेवटच्या भागात जरातला ज घ्या) २०१२ च्या सरकारी परिपत्रकाने अर्जांमधून काढून टाकलं. बोलण्यात कुणी वयस्कर माणूस ते तुम्हाला म्हणाला तर खटकून घेऊ नका, पण तुम्ही कुणालाही मादामच म्हणा. वेटरला 'गार्सों' म्हणून हाक मारणं जुनं झालं, आता ते उर्मट वाटतं. हात किंचित उचलून 'सिल व्हू प्ले' म्हटलं की पुरतं. चुटकी नाही, शुक् शुक् तर नाहीच.

इथून पुढे खुद्द मेर्सी. सगळ्यात महत्त्वाचा खड्डा आधी: कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं 'मेर्सी' म्हणालात, तर बऱ्याचदा त्याचा अर्थ 'नको' असा घेतला जातो. "आणखी थोडी कॉफी?" "मेर्सी." कॉफीचं भांडं मागे जातं. हवी असेल तर 'उई, मेर्सी', 'उई, सिल व्हू प्ले', किंवा जरा छान वाटणारं 'व्होलोंत्ये', 'आव्हेक प्लेजीर', म्हणजे 'आनंदाने'. नको असेल तर 'नों मेर्सी', स्पष्ट. मान हलवण्यावर विसंबू नका. आपली ती 'हो-हो' म्हणणारी तिरपी डुलती मान फ्रेंच डोळ्यांना नकारासारखी किंवा 'काय की' अशी दिसते.

आणि इथेच आपल्या आग्रहाची सवय आडवी येते. आपल्याकडे पहिला नकार हा नकार नसतोच. यजमान पुन्हा विचारणार, पाहुणा पुन्हा 'नको नको' म्हणणार, तिसऱ्यांदा पोळी पानात पडणार. फ्रेंच घरात पहिला 'नों मेर्सी' शेवटचा असतो. यजमान पुन्हा विचारत नाही, कारण पुन्हा विचारणं म्हणजे तुमचं बोलणं खरं न मानणं. मी शिकवलेल्या किती तरी मुलांनी पहिल्याच जेवणाला संकोचाने नको म्हटलं आणि अर्धपोटी घरी आली. तुम्ही यजमान असाल तेव्हा उलट अडचण: फ्रेंच पाहुण्याला चारदा आग्रह केलात तर तो सभ्यपणे, पण खरंच त्रस्त होऊन खात राहील.

मेर्सीचं व्याकरण थोडक्यात. वस्तूसाठी 'पूर': 'मेर्सी पूर ले फ्लर', फुलांबद्दल आभार. क्रियेसाठी 'द': 'मेर्सी देत्र व्हन्यू', आल्याबद्दल आभार, 'मेर्सी दाव्वार आतांद्यू', थांबल्याबद्दल आभार. झालेल्या गोष्टीला भूतकाळाचं रूप लागतं हे लक्षात ठेवा, कारण 'मेर्सी द' पुढे साधं क्रियापद आलं की ते आभार उरतच नाहीत, ती सूचना होते. जिन्यात 'मेर्सी द फेर्मे ला पोर्त' अशी पाटी दिसेल: दार लावून घ्या. ऑफिसातून 'मेर्सी द म रेपोंद्र आव्हां मार्दी' असा मेल आला तर तुमचे कुणी आभार मानलेले नाहीत, मंगळवारच्या आत उत्तर मागितलंय. तुम्ही स्वतः वरिष्ठांना किंवा घरमालकाला अशी वाक्यरचना वापरू नका, वरून बोलल्यासारखी वाटते.

तीव्रता. रोजचं 'मेर्सी'. त्यावर 'मेर्सी बोकू', शेवटचा प मुका. त्यावर 'मेर्सी मिल फ्वा', 'अँ ग्रां मेर्सी', आणि खरोखर कुणी हात दिला असेल तर 'मेर्सी आँफिनिमां'. 'झ व्हू रमेर्सी' हे पूर्ण वाक्य औपचारिक आहे, फोन संपवताना, कचेरीत, वयस्कर शेजाऱ्याशी शोभतं. मित्राला म्हटलंत तर तो विचारेल, रागावलीस का? 'मेर्सी ब्यॅं' पासून जपून. दिसायला साधं 'छान आभार', पण स्वरावर ते बरंच अवलंबून असतं, आणि पुष्कळदा 'बरं, पुरे' असा कोरडा किंवा टोमण्याचा वास येतो. म्हणणारे सरळ मनानेही म्हणतात. तुमचा स्वर अजून बसलेला नाही, म्हणून सध्या बाजूलाच ठेवा.

एक फरक डोक्यात असू द्या. आपण घरात धन्यवाद म्हणत नाही, आईला तर नाहीच. म्हटलं तर परकेपणा वाटतो. फ्रेंच घरात मीठ पुढे सरकवलं तरी मेर्सी असतं, नवरा-बायकोत, आई-मुलात. मुलांना तर ते धाकाने शिकवतात: आई पाणी देते आणि ग्लास न सोडता विचारते, 'मेर्सी की?', म्हणजे 'मेर्सी कुणाला?', आणि मूल 'मेर्सी मामां' म्हटल्यावरच ग्लास सुटतो. तुमचा मुलगा तिथे शाळेत गेला, की आठवड्याभरात तुम्हालाच हे ऐकवेल.

समोरचा मेर्सी म्हणाला तर काय म्हणायचं? 'द रियॅं' सगळ्यांना माहीत असतं, ते ठीक आहे, थोडं घरगुती. 'झ व्हू जां प्री' अधिक आदबशीर, आणि तेच वाक्य दार धरून 'तुम्ही आधी व्हा' म्हणायलाही वापरतात. 'इल न्या पा द क्वा' याचं बोलण्यात 'या पा द क्वा' होतं. दुकानात गिऱ्हाइकाने मेर्सी म्हटलं की विक्रेता 'से म्वा' म्हणतो, म्हणजे आभार मीच मानायचे. तरुण लोक 'पा द सूसी' म्हणतात. व्याकरणप्रेमी फ्रेंचांना ते डोक्यात जातं, पण ते सर्रास ऐकू येतं. तुमच्या तुलूजमध्ये यापेक्षा जास्त 'आव्हेक प्लेजीर' ऐकू येईल. पॅरिसच्या माणसाला ते जरा चमत्कारिक वाटतं, दक्षिण-पश्चिमेत ते रोजचं नाणं आहे, बिनधास्त उचला. पुढेमागे फिरायला गेलात तर: क्वेबेकमध्ये याच जागी 'ब्यॅंव्हन्यू' म्हणतात, फ्रान्समध्ये ज्याचा अर्थ फक्त 'स्वागत' असा आहे. फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये 'सेर्व्हीस'. आणि बेल्जियममध्ये वेटर पदार्थ समोर ठेवताना 'सिल व्हू प्ले' म्हणतो. तो काही मागत नसतो, 'हे घ्या' म्हणत असतो.

त्यू आणि व्हू. पाठ्यपुस्तकं सांगतात: त्यू म्हणजे तू, व्हू म्हणजे तुम्ही. मराठी माणसाला वाटतं, हे तर येतंच. इथेच फसगत होते, कारण आपण तू-तुम्ही ठरवताना वय आणि हुद्दा बघतो. हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोराला, भाजीवालीला, वॉचमनला आपल्याकडे सहज 'तू' होतं. फ्रान्समध्ये प्रत्येक अनोळखी प्रौढ माणूस 'व्हू'च, मग तो वीस वर्षांचा वेटर असो, घर साफ करायला येणारी बाई असो की मेट्रोच्या पायऱ्यांवर बसलेला बेघर माणूस. त्याला त्यू म्हणणं हा उघड अपमान आहे. उलट बाजूने, घरच्या वडीलधाऱ्यांना 'अहो' म्हणायची सवय असणाऱ्यांना मित्राच्या आजोबांनी 'त्यू' सुचवलं तर जीभ वळत नाही. तरी वळवा, नाहीतर त्यांना अंतर ठेवल्यासारखं वाटतं. मुलांना त्यू, शाळा-कॉलेजातल्या बरोबरीच्या मुलांमध्ये पहिल्या दिवसापासून त्यू, शिक्षकांना व्हू. ऑफिसात कुठे सगळे त्यू, कुठे साहेबाला व्हू. तुमच्या नवऱ्याने पहिला दिवस नुसतं ऐकण्यात घालवावा. बदल सुचवायचा मान वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाचा: 'ओं प स त्यूत्वाये?' एकदा त्यूवर आलात की परत व्हूवर जायचं नाही, ते भांडणाचं लक्षण. आणि सिल व्हू प्लेचं 'सिल त प्ले', झ व्हू जां प्रीचं 'झ तां प्री' होतं, हे बदलायला विसरू नका. त्यू म्हणत गप्पा मारायच्या आणि शेवटी सिल व्हू प्ले म्हणायचं, हे आमच्या परीक्षांमध्ये रोज दिसतं.

माफीचे शब्द पटकन. गर्दीतून वाट काढताना, धक्का लागला की, ऐकू आलं नाही की: 'पार्दों'. लक्ष वेधायचं असेल तर 'एक्सक्यूजे-म्वा'. चूक खरंच तुमची असेल तर 'देजोले'. भरलेल्या बसमध्ये दाराकडे सरकताना ढकलायचं नाही, पुढच्याला विचारायचं: 'पार्दों, व्हू देसांदे?', म्हणजे उतरताय का?

लिहिताना. घरमालक, बँक, विमा यांना मेल लिहाल तेव्हा नाव माहीत नसेल तर 'मादाम, मस्यो,' एवढ्यावर सुरुवात, स्वल्पविराम, खालच्या ओळीत मजकूर. शेवट रोजच्या कामाला 'कोर्दियालमां' किंवा 'ब्यॅं कोर्दियालमां' पुरे. सरकारी अर्ज, तक्रार, नोकरीचा अर्ज यांना अजूनही लांब शेपूट लागतं: 'झ व्हू प्री दाग्रेए, मादाम, मस्यो, मे साल्यूतास्यों दिस्तॅंगे', म्हणजे साधारण 'माझे सादर नमस्कार स्वीकारावेत'. यात दोन गोष्टी चुकतात. वर जे संबोधन लिहिलं तेच जसंच्या तसं मधे परत यायला हवं. आणि 'साल्यूतास्यों'च्या (नमस्कारांच्या) आधी 'लेक्सप्रेस्यों द', म्हणजे 'ची अभिव्यक्ती', जोडू नका. ते 'सांतिमां', म्हणजे भावना, यांच्या आधी येतं. भावना व्यक्त होतात, नमस्कार थेट केला जातो. नेटवर फिरणाऱ्या निम्म्या नमुन्यांत ही सरमिसळ असते. 'मेर्सी दाव्हांस', आगाऊ आभार, मित्राला ठीक. अधिकाऱ्याला 'झ व्हू रमेर्सी पार आव्हांस द व्होत्र रेपोंस' लिहा, नाहीतर काम गृहीत धरल्यासारखं वाटतं.

राहिलं जेवणाचं आमंत्रण, कारण ते लवकरच येईल. आठला बोलावलं असेल तर सव्वाआठच्या आसपास पोचा. आधी मुळीच नको, आणि अर्धा तास उशीर होणार असेल तर मेसेज करा. शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा आणि नुसतं शाकाहारी म्हणू नका, कारण काहींच्या हिशेबात मासे त्यात बसतात. 'झ न मांझ नी व्ह्यांद नी प्वासों', मांस नाही आणि मासेही नाहीत. 'प्वासों'मधला स स्वच्छ येऊ द्या, 'प्वाजों' झालं तर ते विष होतं. हातात चॉकलेट किंवा फुलं न्या, फक्त शेवंती नको. १ नोव्हेंबरच्या तूसॅंला (सर्व संतांच्या सणाला) ती थडग्यांवर वाहतात. दारात 'इल न फाले पा!' ऐकाल. ते आपलं 'अहो, कशाला आणलंत' आहे, मनावर घ्यायचं नाही. भेट तुमच्यासमोरच उघडतील. तुम्हाला कुणी दिली तर तुम्हीही तिथेच उघडा आणि 'से त्रे झांती' (किती छान केलंत) म्हणा. आपल्यासारखी ती कपाटात ठेवून दिली तर आवडली नाही असं वाटतं. गालाला गाल लावायची बीज करायची की हात मिळवायचा, एकदा की तीनदा, हे प्रदेशागणिक आणि घरागणिक बदलतं, तेव्हा पुढाकार त्यांच्यावर सोडा. पोट भरलं हे सांगताना शब्दशः 'झ स्वी प्लेन' म्हणू नका, ते गाभण जनावराबद्दल म्हणतात. 'से ते देलिस्यो, झे त्रे ब्यॅं मांझे' म्हणजे छान जेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक छोटा मेसेज टाका: 'मेर्सी आंकोर पूर इएर स्वार, से ते त्रे सॅंपा', म्हणजे कालच्या संध्याकाळबद्दल पुन्हा आभार, खूप छान वाटलं. फोन करायची गरज नाही, लांबलचक पत्राची तर नाहीच. एखादा पदार्थ आवडला असेल तर त्याचं नाव घालून पाककृती मागा. उलट आमंत्रण महिन्या-दोन महिन्यांत द्यायचं असतं. तेव्हा पोळ्यांचा आग्रह एकदाच.